मुंगीचा मुखवटा उतरवायचा कसा?

वाचकाचं पत्र:

मी दिवाळी अंकासाठी सहा हजार शब्दांची विज्ञानकथा लिहितो आहे. लाल बटू ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहावर 'क्ष्रॉक्स' नावाची मुंग्यांसारखी जमात राहते. ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते. क्ष्रॉक्स नऊ फूट उंच आहेत, मनातल्या मनात बोलतात, त्यांच्यावर एका राणीचं राज्य आहे. पृथ्वीवरून गेलेली डॉ. मीरा त्यांना भेटते. राणीचं पहिलं वाक्य असं आहे: "पृथ्वीकन्ये, उद्या सूर्योदयाला दरबारात ये." कथा वाचून दाखवली तर मित्र म्हणाले, "ही मुंग्यांचे मुखवटे घातलेली आपलीच माणसं आहेत." मलाही ते पटलं, पण दुरुस्ती कुठून करायची ते कळत नाही. शिवाय त्यांना तो म्हणू, ती म्हणू की ते? आणि शेवटी माहितीचं परिशिष्ट जोडलं तर चालेल का?
एक वाचक, चिपळूण

प्रिय वाचक,

मित्रांनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे, आणि राणीचं वाक्य पत्रात दिलंत ते फार बरं केलंत. या एका वाक्यात चार माणसं बसली आहेत: 'उद्या' म्हणणारं, सूर्योदय पाहणारं, दरबार भरवणारं आणि शब्दांत बोलणारं. ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे असेल तर तिथे सूर्य उगवत नाही, मग 'उद्या'ही उरत नाही. मुंग्यांची राणी दरबार भरवत नाही, ती अंडी घालते. तेव्हा पाय आणि डोळे कितीही वाढवलेत तरी मुखवटा उतरायचा नाही. एक अडचण शरीराची आणि एक ग्रहाची, अशा दोन पक्क्या करा आणि त्यांचे परिणाम कथानकाला टोचेपर्यंत ओढत न्या. तुमच्याकडे दोन्ही आधीच आहेत. त्या फक्त वापरल्या गेलेल्या नाहीत.

आधी नऊ फुटांचं पाहू, कारण ते मुळातच उभं राहत नाही. एक सेंटिमीटरचा मुंगळा नऊ फुटांचा केला की लांबी सुमारे २७० पट होते. पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ वाढतं २७० गुणिले २७०, म्हणजे ७२,९०० पट. वजन मात्र घनफळाच्या हिशेबाने १,९६,८३,००० पट. दहा मिलिग्रॅमचा मुंगळा जवळपास २०० किलोचा होतो आणि पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर २७० पट भार येतो. स्वतःच्या वजनाच्या ५० पट ओझं उचलणारी मुंगीसुद्धा या मापात स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढंच उचलू शकेल, म्हणजे उभीच राहणार नाही. 'ग्रहाचं गुरुत्वाकर्षण कमी आहे' हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. ते पृथ्वीच्या ८० टक्के धरलं तरी भार २७० वरून २१६ पटीवर येतो, एवढंच.

श्वासाची अडचण त्याहून मोठी आहे. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांत शिरते आणि ऑक्सिजन शेवटच्या टप्प्यात नुसता झिरपत पेशीपर्यंत जातो. झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. जिथे एक सेकंद लागत होता तिथे ७२,९०० सेकंद, म्हणजे वीस तास लागतील. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चतुरांसारखे दिसणारे कीटक पंख पसरून ६५ ते ७० सेंटिमीटर भरायचे, आणि तेव्हा हवेत आजच्या २१ टक्क्यांहून बराच जास्त ऑक्सिजन होता, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. नऊ फुटांपासून तेही फार दूर आहेत.

तिसरी गोष्ट कात टाकण्याची. बाहेरचं कवच वाढत नाही, म्हणून वाढणारा जीव ते फोडून बाहेर येतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत लिबलिबीत असतो. पाण्यात शरीर तरंगतं, म्हणून जपानजवळच्या समुद्रातले खेकडे पाय पसरून साडेतीन मीटरपर्यंत जातात. जमिनीवर दोनशे किलोचा मऊ जीव स्वतःच्याच वजनाखाली चपटा होईल.

म्हणून माप खाली आणा. जमिनीवरचा आजचा सगळ्यात मोठा संधिपाद, म्हणजे सांध्यांच्या पायांचा कवचवाला प्राणी म्हणजे नारळ फोडणारा खेकडा. तो आपल्या निकोबारकडच्या बेटांवरही आढळतो. वजन सुमारे चार किलोपर्यंत, पाय पसरले तर मीटरभर. त्याला कल्ल्यांच्या कप्प्यापासून बदलत गेलेली फुप्फुसासारखी पोकळी असते आणि कात टाकायला तो कित्येक दिवस बिळात बसून राहतो. हे माप तुमच्या जमातीला द्या: चार किलो, मांजराएवढा देह, रक्ताभिसरण आणि श्वासाची पोकळी. नऊ फुटांचा धाक गेला म्हणून हळहळू नका. मीराला आता त्यांच्याशी बोलायला जमिनीवर बसावं लागेल. उभी राहिली तर ती त्यांच्यावर आलेलं एक सावट असेल, आणि चुकून पाय पडला तर मरण. भीतीची दिशा उलटली, आणि तीही फुकटात.

आता मनातल्या मनात बोलणं काढून टाका. हा सल्ला ऐकायला जड जाईल, पण मुखवटा मुख्यतः त्याच्यामुळे चिकटून बसला आहे. मनातून येणारा संदेश शेवटी अवतरणचिन्हांत, आपल्याच वाक्यरचनेत, लगेच आणि बिनचूक पोचतो. त्याला कसलीच अडचण नाही, म्हणून त्यातून काही घडतही नाही. मुंग्यांकडे वास आहे, आणि वास ही भाषा म्हणून भरपूर अडचणींची आहे.

वाऱ्याचा वेग सेकंदाला तीन मीटर धरा. तीस मीटरवरून निघालेला वास दहा सेकंदांनी पोचतो. तेवढ्याच अंतरावरून हाक मारली तर ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शात ऐकू येते. वास उलट वाऱ्याला जात नाही, म्हणजे उत्तर द्यायचं तर जागा बदलावी लागते. दोघी एकदम बोलल्या तर दोन वाक्यं मिसळून तिसराच अर्थ होतो. हलके रेणू लवकर उडतात, जड रेणू रेंगाळतात. मुंग्यांची धोक्याची सूचना हलक्या रेणूंची असते, ती थोड्याच वेळात विरते, नाहीतर वारूळ कायम घाबरलेलंच राहिलं असतं. अन्नाकडे जाणारी वाट जास्त टिकते आणि अन्न संपलं की येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्या ती गिरवायचं सोडतात, म्हणून आपोआप पुसली जाते. हाच तुमच्या जमातीच्या भाषेचा काळ आणि अर्थ ठरवू द्या: घाईचं बोलणं हलकं, आठवणी जड. एखाद्या दगडाला लागलेलं बोलणं बोलणारी मेल्यावरही तिथेच असेल.

कागदावर हे साधारण असं उतरेल (ओवी ही तुमच्या जमातीतलीच एक):

ओवी मीराच्या डाव्या अंगाला, वारा येतो त्या बाजूला जाऊन बसली. आधी काहीच नाही. मग करपलेल्या भाकरीसारखा वास आला, थांबला, आणि त्याच्यामागून दुसरा, ओल्या मातीचा. ओवी उठली, मीराला वळसा घालून वारा जातो त्या बाजूला गेली आणि मिशा पसरून बसली. आता मीराची पाळी होती. मीराकडे फक्त घाम होता.

यात 'म्हणाली' नाही, अवतरणचिन्ह नाही, आणि संवाद मात्र झाला आहे. मराठीत वासांचे शब्द भरपूर आहेत, ते मनापासून वापरा: खमंग, खरपूस, करपट, कुबट, आंबूस, ओशट, उग्र, खवट. बोलण्याची क्रियापदंही बदला. वास सोडला जातो, दरवळतो, रेंगाळतो, विरतो. एकच काळजी घ्या, प्रत्येक वासाला लगेच अर्थ जोडू नका. 'करपट वास म्हणजे नकार' असं कंस घालून सांगितलंत की पुन्हा शब्दकोश सुरू झाला. करपट वास तीन प्रसंगांत येऊ द्या, तिसऱ्या वेळी वाचक स्वतःच मागे सरकेल.

मीराच्या हातात भाषांतर यंत्र असेल तर तेही याच मापाने बदलावं लागेल. हवेतले रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र आज प्रयोगशाळांत असतं, जीसी-एमएस म्हणतात त्याला. मिश्रण गुंतागुंतीचं असेल तर एक नमुना चालवायला वीस-तीस मिनिटं सहज जातात. भविष्यातलं म्हणून वेळ पाच मिनिटांवर आणा, शून्यावर आणू नका. पाच मिनिटांत कुठला रेणू किती होता हे कळेल, अर्थ नाही. सहा हजार शब्दांत मग पाच-सहा देवाणघेवाणीच बसतील, आणि त्यामुळे प्रत्येकीला वजन येईल.

या भाषेतून कथेचा पेच कसा निघतो ते एका खऱ्या प्रयोगावरून पाहा. मुंगी मेली तरी वारुळातल्या बाकीच्या तिला लगेच मेलेली मानत नाहीत. दोनेक दिवसांनी तिच्या शरीरातल्या चरबीचं विघटन होऊन ओलिइक आम्ल सुटतं आणि त्या वासावर तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेतात. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवलं की हे आम्ल कागदाच्या कपट्याला लावलं तर मुंग्या कपटाही ढिगावर नेतात. जिवंत मुंगीला लावलं तर हातपाय झाडणाऱ्या त्या मुंगीलाही उचलून टाकतात, ती परत आली की पुन्हा टाकतात, आणि अंग साफ करून वास जाईपर्यंत हे चालू राहतं. खवट वास म्हणजे मरण. समोरची चालते आहे, हे त्यापुढे मोजलंच जात नाही.

आता गंमत बघा: माणसाच्या त्वचेवरच्या तेलकटपणात ओलिइक आम्ल असतंच. शेंगदाण्याच्या तेलात तर ते भरपूर असतं. मीराने हातमोजा काढून ओवीच्या कवचावर मायेने हात ठेवला, तर वस्तीच्या दृष्टीने ओवी मेली. मीराचा हेतू चांगला, वस्तीचं वागणं त्यांच्या नियमांनी बरोबर, आणि ओवी ढिगावर. एखाद्या लढाईपेक्षा हा प्रसंग कितीतरी खोल जातो. परग्रहावर तोच रेणू का, असं कुणी विचारेल. नाव घेऊ नका. चरबी कुजताना सुटणारा रेणू एवढंच लिहा. मेलेल्या शरीरातून जे सुटतं तेच मरणाची खूण व्हावं, हे कुठल्याही ग्रहावर पटण्यासारखं आहे.

ग्रहाकडे वळू. खऱ्या मापांचा आधार हवा असेल तर कुंभ राशीतला ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू तारा घ्या, सुमारे ४० प्रकाशवर्षं दूर, सात ग्रह असलेला. त्यातल्या 'ई' ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या ९२ टक्के आणि गुरुत्वाकर्षण ८२ टक्के आहे, वर्ष ६.१ दिवसांचं. नाव मात्र तुमचं स्वतःचं द्या. खऱ्या ग्रहाच्या वातावरणाबद्दल दुर्बिणी उद्या काय सांगतील त्यावर तुमची कथा टांगून ठेवायचं कारण नाही. आकडे उसने घ्या, ते कामाला येतात.

पहिली चूक इथे रंगाची होते. लाल बटू म्हटलं की लेखक रक्तासारखा लाल उजेड पाडतात. या ताऱ्याचं तापमान सुमारे २,५७० केल्व्हिन, म्हणजे जुन्या तारेच्या बल्बच्या जवळपास. उजेड तसाच पिवळट-नारिंगी असेल, जुन्या बल्बने उजळलेल्या माजघरासारखा. तारा आकाशात आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल आणि जागचा हलणार नाही.

दुसरी चूक शेजारच्या ग्रहांची. ते जवळ येतात तेव्हा साधारण आपल्या चंद्राएवढे दिसतात, हे खरं. पण दोन्ही एकाच आकाशात पूर्ण उजळलेले लटकवू नका. आतला ग्रह जवळ येतो तो ताऱ्याच्या दिशेला, म्हणून तो फक्त उजेडाच्या बाजूला दिसतो, आणि कक्षा जवळपास एकाच पातळीत असल्यामुळे ताऱ्याच्या चकतीवरून काळा वाटोळा डाग सरकल्यासारखा जातो. बाहेरचा ग्रह जवळ येतो तो ताऱ्याच्या बरोबर उलट दिशेला, म्हणून त्याचं पूर्ण उजळलेलं रूप अंधाऱ्या बाजूलाच दिसतं. सीमेवर, जिथे कायमची तिन्हीसांज असते, तिथे हे दोन्ही समोरासमोरच्या क्षितिजांवर घडतं. काळा डाग साधारण १२ दिवसांनी येतो, उजळ चकती १८ दिवसांनी. घ्या, कालगणना तयार झाली: उजेडवाल्यांची बारांची, अंधारवाल्यांची अठरांची, आणि सीमेवरच्यांना दोन्ही माहीत, दोन्हींचा मेळ ३६ दिवसांनी. वय वर्षांत सांगायचा मोह टाळा. सहा दिवसांच्या वर्षाने आपल्या वीस वर्षांचा जीव जवळपास १,२०० वर्षांचा होतो आणि वाचक उगाच ऋषिमुनींकडे जातो.

आता मसुदा घेऊन बसा आणि त्या लोकांच्या तोंडी असलेले हे शब्द शोधून काढा: आज, उद्या, सकाळ, रात्र, उजाडणं, उगवतीला, मावळतीला, दिवसेंदिवस, रातोरात. दिशांना उजेडाकडे आणि अंधाराकडे हे पुरतं. मीराच्या विचारांत हे शब्द राहू द्या. तिच्या तोंडून 'उद्या येते' निघावं आणि ओवीच्या बाजूने काहीच येऊ नये.

वारा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण शरीराची आणि ग्रहाची अडचण इथे एकमेकींना भेटतात. उजेडाच्या बाजूची तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी जमिनीलगत अंधाराकडून थंड हवा वाहत येते. म्हणजे जमिनीवरचा वारा सहसा अंधाराकडून उजेडाकडेच. वासाने बोलणाऱ्यांसाठी याचा अर्थ काय? अंधाराजवळच्या वस्त्यांचं बोलणं उजेडाजवळच्या वस्त्यांपर्यंत वाहत येतं, पिढ्यान्‌पिढ्या. उलट काहीच जात नाही. खालच्या वाऱ्याच्या, म्हणजे उजेडाजवळच्या वस्त्यांना वरच्यांचं सगळं माहीत, वरच्यांना खालच्या आहेत हेही माहीत नाही. वरची वस्ती आजारी पडली तर खालच्यांना कळेल, पण 'आम्ही येतो' हे सांगायला कुणाला तरी चालत जावं लागेल. दूत, चोरून ऐकणं, एकतर्फी माया, एकतर्फी द्वेष, हे सगळं या एका गोष्टीतून निघतं. राज्यं आणि युद्धं वेगळी रचायची गरज नाही. मीराचं यान कुठे उतरतं हे आता नीट ठरवा: वरच्या वाऱ्याला उतरलं तर त्याच्या इंधनाचा वास खालच्या प्रत्येक वस्तीच्या बोलण्यावर बोळा फिरवेल.

राणीबद्दल थोडक्यात. 'राणी' हा शब्द आपण दिला आहे, वारुळात हुकूम कुणी कुणाला देत नाही. मधमाश्यांचा थवा नवं घर निवडतो तेव्हा टेहळणी करणाऱ्या माश्या वेगवेगळ्या जागांसाठी नाचतात आणि एका जागेवर पुरेशा जमल्या की थवा उडतो. राणी सोबत जाते, निवडत नाही. मीराने 'तुमचा प्रमुख कोण' विचारलं तर तो प्रश्नच तिथे लागू होऊ नये. दुसरं, बऱ्याच मुंग्यांत तरुण कामकरी आत पिलांपाशी असतात आणि म्हाताऱ्या बाहेर धोक्याच्या कामाला जातात, कारण त्यांचे दिवस तसेही थोडे उरलेले असतात. म्हणजे मीराला सामोरी येणारी ओवी वस्तीची राजदूत नसेल. ती वस्तीला सहज गमावता येण्यासारखी म्हातारी असेल. मीरा तिला मान देते, वस्ती देत नाही. या दरीत कथा ठेवा.

वस्ती किती मोठी, हे पोटावरून ठरवा. चार किलोच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला नुसतं जगायला रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. पाच हजारांच्या वस्तीला दहा लाख, म्हणजे जवळपास तीन क्विंटल ज्वारीएवढं अन्न. थंड रक्ताच्या असतील तर साधारण दहावा हिस्सा. लाखांची वस्ती लिहाल तर तेवढं अन्न कुठून येतं ते कथेत दिसायला हवं.

तुमच्या तो-ती-ते च्या प्रश्नावर: तीन लिंगं ही मराठी लेखकाच्या हातातली मोठी सोय आहे, तिला अडचण समजू नका. सगळ्यांना 'तो' केलंत तर पुन्हा दरबारातले सरदार येतात. सगळ्यांना 'ते' केलंत तर मराठीत नपुंसकलिंगाला लहानपणाचा, पोराबाळांचा वास आहे: ते पोर, ते लेकरू, ते पिल्लू. तोच वास उपयोगात आणा. कात टाकेपर्यंत 'ते', कात टाकल्यावर 'ती'. "ते बिळात शिरलं. बारांच्या तीन फेऱ्या झाल्या. ती बाहेर आली." वयात येण्याचा अख्खा प्रसंग तीन वाक्यांत झाला, आणि काम क्रियापदांनी केलं. 'तो' या जमातीसाठी वापरूच नका.

तसंच 'आम्ही' आणि 'आपण'. मीराचं यंत्र वस्तीच्या बोलण्याचं भाषांतर कायम 'आम्ही' असं करू द्या, समोरच्याला वगळणारं. शेवटाकडे एकदाच 'आपण' येऊ द्या. आणि 'आपण' हे आदराने 'तुम्ही' म्हणूनही येतं, त्यामुळे मीराला क्षणभर कळू नये की ओवीने तिला मान दिला की तिला आपल्यात घेतलं. हा क्षण मराठीतच लिहिता येतो, तो सोडू नका.

'क्ष्रॉक्स' हे नाव बदला. नाव ठरवण्याआधी त्याला ला, ने, च्या लावून, अनेकवचन करून मोठ्याने वाचायचं. 'क्ष्रॉक्सांनी क्ष्रॉक्सच्या' म्हणताना जीभ अडखळते, आणि वाचक दर पानाला वीसदा अडखळणार. मुंगीसारखं चालणारं नाव घ्या: दरवळी, दरवळ्या, दरवळीला, दरवळ्यांना. हे नाव माणसांनी दिलेलं आहे हेही त्यात दिसतं. ओवी हे नाव तसंच आलं, मीराला तिचा वास ओव्यासारखा वाटला म्हणून. तिचं खरं नाव उच्चारता येणार नाही, ते उच्चारायचा प्रयत्न करू नका.

या सगळ्यातलं कथेत किती यावं? जमवलेल्यातलं दहाव्या हिश्शाहून जास्त नाही, आणि प्रत्येक गोष्ट काहीतरी बिघडताना दिसावी. वाऱ्याची दिशा मीराचा निरोप उलट्या वस्तीला जातो तेव्हा कळावी, चरबीचा वास ओवीला उचलून नेतात तेव्हा. 'दरवळ्या वासाने बोलतात' हे वाक्य कथेत कुठेही नसलं तरी चालेल.

म्हणून परिशिष्ट नको. पण तो कागद जरूर तयार करा आणि कथेसोबत संपादकांना वेगळा पाठवा: ताऱ्याची जागा, वारा कुठून कुठे, बारा आणि अठरा दिवसांचे फेरे, कात टाकण्याआधी 'ते' आणि नंतर 'ती', 'आपण' फक्त एकदा. वर ठळक लिहा की हे मुद्दाम आहे. नाहीतर मुद्रितशोधक 'ते आलं'चं 'ते आले' करतील, शेवटच्या 'आपण'चं 'आम्ही' करतील, आणि छापून आल्यावर तुम्हाला काही करता येणार नाही.